गच्चीवरचा सूर्य आणि खरेदीखत

स्वतःचे घर घेणे ही सामान्य माणसाच्या आयुष्यात बहुधा एकदाच घडणारी घटना असते. भविष्यनिर्वाह निधी, घरातले किडूकमिडूक सोने आणि पुढील वीस वर्षांचे हप्ते एवढे सारे पणाला लावून तो हा व्यवहार करतो. या व्यवहारात अलीकडे एक नवे प्रलोभन शिरले आहे. मुबलक पाणी आणि हवेशीर खोल्या यांच्या जोडीला ‘लाइट बिल शून्य’ हे शब्द जाहिरातीत झळकू लागले आहेत, आणि त्यांच्या जोरावर घराची किंमत चढविली जात आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांसाठी सूर्यघर योजना सुरू केली. तीन किलोवॉट वा त्याहून अधिक क्षमतेच्या यंत्रणेस ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. जेथे पूर्वी पापड-कुरडया वाळत होत्या त्या गच्च्यांवर आता निळ्या-काळ्या पॅनेल दिसतात, याचा आम्हांस आनंदच आहे. (ज्यांना गच्चीच नाही अशा भाडेकरूंचे व चाळकऱ्यांचे काय, हा प्रश्न निराळा, त्यावर पुन्हा केव्हातरी.) परंतु ज्या घरांवर या यंत्रणा बसल्या ती घरे आता हस्तांतरित होऊ लागतील आणि यंत्रणेचे गुणदोषही घेणाऱ्याच्या गळ्यात पडतील. याची पुरेशी चर्चा झालेली दिसत नाही.

मुळात ‘शून्य बिल’ ही भाषाच फसवी आहे. वापरलेले युनिट शून्यावर आले तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. शिवाय विक्रेता दाखवितो ते बिल कोणत्या महिन्याचे? एप्रिलचे बिल पाहून भाळणारा माणूस जुलै-ऑगस्टच्या ढगांना विसरतो. म्हणून लागोपाठ बारा महिन्यांची बिले मागावीत आणि त्यांतील आयात, निर्यात व शिल्लक युनिट नीट पाहावेत. घर सहा महिने कुलूपबंद असेल तर मोडकी यंत्रणाही बिल शून्य ठेवील! दिवसा घरातच खपलेली सौरवीज बिलावर उमटत नाही. एकूण उत्पादन किती झाले ते इन्व्हर्टरच्या नोंदीवरून कळते. तीन किलोवॉटच्या यंत्रणेने आपल्याकडे निरभ्र दिवशी सुमारे बारा युनिट द्यावेत. आकडा आठावर रेंगाळत असेल तर कारण विचारण्याचा खरेदीदारास पूर्ण अधिकार आहे.

कारण पुष्कळदा सावलीत असते. एका साखळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकीवर टाकीची सावली पडली तरी साऱ्या साखळीचे उत्पादन घटू शकते. म्हणून घर एकदा सकाळी नऊच्या सुमारास आणि एकदा दुपारी चारनंतर पाहावे. दक्षिणेचा भूखंड मोकळा असेल तर त्यावर उद्या किती मजले चढू शकतात याचीही चौकशी करावी. सांगाड्यासाठी स्लॅबला पाडलेल्या भोकांतून पाणी झिरपते काय, हे खालच्या खोलीचे छत सांगते. कोकणात तर गंजलेले नट-बोल्ट हा थेट धोका आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडमध्ये छपरांची जी दशा केली ती तेथील लोक विसरलेले नाहीत.

पॅनेलवर २५ वर्षांची हमी असते, असे विक्रेता छातीठोकपणे सांगतो. ती बहुधा उत्पादनक्षमतेची असते. क्षमता दरवर्षी अर्धा-पाऊण टक्का घटणारच. इन्व्हर्टर मात्र दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो, आणि तो खर्च विक्रेत्याच्या तोंडून निघत नाही. बॅटरी नसलेली यंत्रणा वीज गेली की स्वतःही बंद पडते, हे तर अनेकांच्या गावीही नसते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा यासाठी ती व्यवस्था केलेली आहे. तिच्याशी खेळ केलेला आढळला तर तो व्यवहारच सोडून द्यावा.

तथापि खरी मेख कागदपत्रांत आहे. सातबाऱ्यावरचा बोजा आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. पण पॅनेलसाठी काढलेले कर्ज तेथे दिसेलच असे नाही. म्हणून बँकेचा बेबाकी दाखला मागितला पाहिजे. यंत्रणा एखाद्या कंपनीच्याच मालकीची असून घरमालक केवळ वीज विकत घेत असेल, तर तो करार नव्या मालकावर बंधनकारक होणार काय, हे आधी वकिलाकडून समजून घ्यावे. मंजूर क्षमता आणि प्रत्यक्ष बसविलेल्या पॅनेल जुळतात काय, अनुक्रमांक खरेदीच्या पावतीशी मिळतात काय, हेही पाहावे लागते. नेट मीटरचा करार वीज कंपनी आणि ग्राहक यांच्यात असतो. वीजजोडणी जुन्या मालकाच्या नावे राहिली तर तक्रार कोणी करायची? आणि गच्ची जर सहकारी संस्थेची सामाईक असेल, तर एका सभासदाने ती ‘विकली’ म्हणून त्याची होत नाही. संस्थेचा लेखी ठराव हवा.

हे सारे एकट्या खरेदीदाराने धुंडाळावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ज्या यंत्रणेच्या किमतीत सार्वजनिक तिजोरीचा वाटा आहे, तो वाटाही विक्रेत्याने नव्या मालकाकडून पुन्हा वसूल करावा हे तर त्याहून गैर. सौदा करताना अनुदानाची रक्कम वजा करूनच यंत्रणेची किंमत धरली जावी. क्षमता, बसविल्याची तारीख, बारा महिन्यांचे उत्पादन, कर्जाची बाकी आणि हमीपत्रे यांचा एक विवरणतक्ता अशा प्रत्येक खरेदीखतास जोडणे शासनाने सक्तीचे करावे, आणि जोडणीवरचे नाव बदलण्याच्या अर्जातच नेट मीटरचा करारही नव्या मालकाच्या नावे व्हावा. तोपर्यंत इसाराची रक्कम देण्यापूर्वी पन्नास पैसे आणि पाच रुपयांचा हिशेब करणाऱ्या आमच्या वाचकांनी परवानाधारक वीजतंत्रज्ञास घेऊन एकदा शिडी चढावी.