अडून बसलेला सूर

चाळिशी उलटल्यावर मी गिटारवर 'जी सेव्हन' शिकलो. सर्वांत जाड तारेचा तिसरा पडदा, तिच्या शेजारणीचा दुसरा, सर्वांत बारीक तारेचा पहिला. मधल्या तीन तारा मोकळ्या. 'सी'ला षड्ज मानले, तर हे सूर प, नी, रे, म. 'प'पासून मोजता 'म' सातवा, म्हणून 'सेव्हन'. आणि सारी घालमेल त्याचीच! नी 'सा'कडे ओढतो, म 'ग'कडे. 'सी' वाजेपर्यंत जीव टांगणीला. तंबोऱ्यात सा सतत हजर. येथे तो नाहीच, म्हणून एवढी ओढ.

काल मुद्दाम 'जी सेव्हन'वरच थांबलो. संगीतातले आपल्याला काही कळत नाही, असे अभिमानाने सांगणारी आमची सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तेवढे पुढचे वाजवून टाका. लाटणे थांबलेय माझे!"