खाते कोणाच्या नावावर?



मोबाईलवरून लागणारा बल्ब, सॉकेटमध्ये बसणारा स्मार्ट प्लग, दारावरचा लहानसा कॅमेरा या वस्तू आता दोन खोल्यांच्या घरांतही दिसू लागल्या आहेत. मुलगा-मुलगी नोकरीला लागली की हौसेने आणतात. आणावे, त्यात वावगे काही नाही. पण जोडणी जमली नाही की माल खराब निघाला म्हणून दुकानदाराशी वाद होतो. बहुतेक वेळा माल खराब नसतो.

घरचा वाय-फाय राउटर आज बहुधा दोन लहरींवर चालतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. स्वस्त बल्ब आणि प्लग यांना सहसा २.४ तेवढीच ओळखता येते. दोन्ही लहरींना एकच नाव दिलेले असेल तर मोबाईल ५ वर जातो आणि बल्ब शोधत बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये ५ ची लहर तेवढ्यापुरती बंद करावी, किंवा दोघींना वेगळी नावे द्यावीत. जोडताना मोबाईलचा डेटा बंद, ब्लूटूथ व लोकेशन चालू ठेवावे. बल्ब भराभर लुकलुकत असेल तर सहसा तो जोडणीस तयार असतो. लुकलुकत नसेल तर सोबतच्या कागदावर सांगितले असेल तितक्या वेळा बटण बंद-चालू करावे. तो कागद फेकू नये.

नवे इंटरनेट घेतले, राउटर बदलला आणि घरातली सारी उपकरणे एकदम मुकी झाली, ही तक्रार मी पुष्कळदा ऐकतो. अशा वेळी एकेक वस्तू पुन्हा जोडत रात्र घालवण्याची गरज नसते. नव्या राउटरला जुन्याचेच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा, लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांसकट जसाच्या तसा. बहुतेक वस्तू आपोआप परत जोडल्या जातात.

एक हिशेबाची गोष्ट. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर वीज घेतो. त्याला ६ अँपिअरचा प्लग लावला तर प्लग तापेल, जळेलही. गिझरला १६ अँपिअरचाच प्लग हवा. चार पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

आता खात्याकडे वळू. वस्तू पहिल्यांदा ज्याच्या मोबाईलवर नोंदवली जाते, ॲपच्या लेखी तोच तिचा मालक. कॅमेरा बसवायला आलेला मुलगा घाईत असतो, "काका, मी माझ्या नंबरवर करून देतो" म्हणतो, आणि आपण चहा ठेवायला आत जातो. मग त्याच्या मोबाईलवर आपले दार, आपली येणारी-जाणारी माणसे दिसू शकतात. त्याचा हेतू वाईट असेलच असे नाही; पण आपल्या घराची किल्ली आपण त्याच्या खिशात ठेवली हे खरे. ओटीपी आपल्याच नंबरवर यावा, पासवर्ड आपण टाकावा, आणि काम झाल्यावर ॲपमध्ये सदस्यांच्या यादीत अनोळखी नाव नाही ना ते पाहावे.

हाच प्रश्न घरातल्या घरातही आहे. खाते एकट्या मुलाच्या मोबाईलवर असते. तो रात्रपाळीला गेला की आईने दिवा लावायला त्याला फोन करायचा का? भिंतीवरचे बटण बंद करून पुन्हा चालू केले की बहुतेक बल्ब लागतात, हे आईला आधी दाखवून ठेवावे. त्याहून बरे म्हणजे ॲपमध्ये घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला सदस्य करावे. सून, मुलगी यांनाही. आतल्या खोलीत कॅमेरा लावायचा असेल तर त्या खोलीत वावरणाऱ्या बाईला आधी विचारावे, आणि ती नको म्हणाली तर लावू नये. सुरक्षेच्या नावाखाली सुनेवर पहारा ठेवणारी घरे आहेत. त्यांना सुशिक्षित म्हणायला माझी जीभ वळत नाही.

जुना कॅमेरा कोणाला देताना किंवा विकताना आधी तो आपल्या ॲपमधून काढून टाकावा. काही कंपन्यांचे कॅमेरे नुसते बटण दाबून मोकळे होत नाहीत. पहिल्या मालकाच्या खात्यातूनच त्यांना सोडवावे लागते. म्हणून जुना माल घेणाऱ्यांनीही पैसे मोजण्यापूर्वी विकणाऱ्याला समोर बसवून एवढे काम करून घ्यावे.