‘ययाति’विषयी थोडेसे प्रतिकूल



विद्यार्थिदशेत मी उत्तरपत्रिकेत ‘ययाति’ची भरभरून स्तुती केली होती. खरे तर ती मला आवडली नव्हती. १९७४चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेल्या वि. स. खांडेकरांची ही कादंबरी आवडली नाही, असे लिहिण्याचे धैर्य नव्हते. आणि का आवडली नाही, हे सांगताही येत नव्हते. आज सांगता येते. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कथा स्वतः सांगतात. परंतु कोणतेही पान उघडून निवेदकाचे नाव झाकून पाहा. केवळ बोलण्याच्या ढंगावरून कोण बोलत आहे हे ओळखणे कठीण जाते. तिघांच्याही मुखी खांडेकरांचीच अलंकृत मराठी आहे.

याउलट, ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या दोन शब्दांवरूनही ओळखू येतो. ठाम विधान करायला तो कचरतो, हे या साध्या शब्दांतून कळते. ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची ही दोन नावे समोरासमोर बसवणे मला त्या आत्मकथनातील सर्वांत वेदनादायी गोष्ट वाटते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर मी केव्हाही पुन्हा हाती घेतो. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईंची छोटी, बोलकी वाक्ये हसवता हसवता चटका लावून जातात.

आपल्यापैकी अनेकांना ‘ययाति’ मनापासून आवडत असेल. तसे असल्यास स्वाध्यायात माझे मत उतरवू नका. मला खोटे ठरवणारा एखादा उतारा शोधा आणि तो घेऊन संपर्कसत्राला या.