शॉकअपची खालची पिन तुटली तर

1993 च्या भूकंपानंतर किल्लारी नव्या जागी वसले. शेते मात्र जिथल्या तिथेच राहिली. वाट लांबली. परवा अशाच वाटेवर एका शेतकऱ्याची जुनी जीप मागून खडखडू लागली. वाकून पाहिले, तर शॉकअपची खालची पिन पाट्याखालच्या प्लेटपासून तुटलेली. "साहेब, तारेने बांधू, सोयाबीन पोचवून मग बघू," ते म्हणाले. मी नको म्हणालो. लोंबता शॉकअप ब्रेकच्या नळीवर आदळला तर ब्रेकच जायचा. शॉकअप वरूनही सोडवला, पोती उतरवली आणि रिकामी जीप सावकाश गावात आणली.

दुरुस्तीला सपाट जागा निवडा, पुढच्या चाकांना दगड लावा. जॅक आसाखाली राहू द्या, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. चॅनेलखाली भक्कम लाकडी ठोकळे हवेतच. पिन वेल्डिंगने चिकटवणे स्वस्त वाटते, पण ती बहुधा जोडाशेजारीच पुन्हा तुटते. पिनेसह नवी प्लेट घाला. यू-बोल्टचे नट आळीपाळीने, थोडेथोडे आवळा. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा पाहा. रबरी बुशही नवेच घाला, कारण पुष्कळदा मूळ दुखणे झिजलेल्या बुशचे आणि जादा ओझ्याचे असते. दुसऱ्या बाजूची पिन पुसून बघा. मुळाशी गंजाची बारीक रेघ दिसली, तर तीही प्लेट लगेच बदला.