जडत्वाची व्याख्या पाठ, पण हातात दांडी नाही!

नववीतल्या कुठल्याही मुलीला विचारा, जडत्व म्हणजे काय? ती घडाघडा सांगेल. थांबलेली वस्तू थांबूनच राहू पाहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने, त्याच दिशेने जात राहू पाहते. दोन मार्कांचा प्रश्न, दोन मार्क मिळाले, विषय संपला. मग शाळा सुटली की हीच मुलगी दादाच्या मोटारसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसते. मांडीवर दप्तर, हातात छत्री, ओढणी वाऱ्यावर. पुस्तकातलं जडत्व दप्तरात बंद, आणि खरं जडत्व पुढच्या गतिरोधकावर तिची वाट बघत असतं!

मैत्रिणींनो, ‘फिजिक्स’ म्हटलं की आपण हात झटकतो. ‘ते सायन्सवाल्यांचं, आपल्याला काय कळतंय?’ मी स्वतः बी.ए. झालेली बाई. पण महिला मंडळाच्या कामानिमित्त अपघात झालेल्या घरी जावं लागतं, तेव्हा एक वाक्य हटकून ऐकू येतं, ‘काही कळायच्या आतच पडल्या हो!’ नशिबाला दोष देऊन सगळे मोकळे होतात. नशिबाचं मला ठाऊक नाही, पण बाई का पडली याचं उत्तर न्यूटनने १६८७ सालीच लिहून ठेवलंय. आणि ते आपल्या लेकीच्या पाठ्यपुस्तकात आहे.

बघा, गाडीने एकदम ब्रेक मारला की गाडी थांबते, आपलं शरीर मात्र पुढे जात राहतं. दोन्हीकडे पाय टाकून बसलेल्याला गुडघ्यांनी गाडी आवळून धरता येते. एका बाजूला बसलेल्या बाईचं तसं नाही. तिच्या दृष्टीने ‘पुढे’ म्हणजे तिचा खांदा ज्या बाजूला आहे ती दिशा. तिकडे आधार कसलाच नाही. गतिरोधकावर तर आणखी वाईट. गाडी उसळते तशा आपणही वर उडतो, गाडी लगेच खाली येते आणि सीट आपल्याखालून निघून जाते. त्यात सगळं वजन एका बाजूला, म्हणजे चालवणाऱ्याचाही तोल सांभाळताना नाकीनऊ.

आता वेगाचं घ्या. ताशी ४० किलोमीटर म्हणजे आपल्याकडे ‘हळूच चाललोय की’! पण त्या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर, म्हणजे ३६ फूट जाते. समोर म्हैस दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद सहज जातो. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. आणि ४० च्या वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे सुमारे २० फुटांवरून, दोन मजली घराच्या गच्चीवरून, खाली पडण्यासारखंच. गच्चीच्या कठड्याशी गेलेल्या लेकराला आपण ओरडून मागे ओढतो. गाडीवर मात्र त्यालाच टाकीवर बसवून नेतो!

मांडीवरच्या बाळाचंही तेच. दहा किलोचं बाळ आपण घट्ट धरलंय असं वाटतं. पण ४० च्या वेगातली गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्याला धरून ठेवायला एका क्विंटलपेक्षा जास्त ओझं पेलण्याइतकं बळ लागतं. तेवढं बळ कुठल्याही आईच्या हातात नसतं, माया कितीही असो.

घर्षणाशिवाय तर गाडी चालणारच नाही. चाक रस्त्याला मागे ढकलतं, रस्ता चाकाला पुढे ढकलतो. चिखलात रुतलेल्या एस.टी.चं चाक जागच्या जागी फिरताना आपण पाहिलंय. मग कोणी तरी चाकाखाली दगड, गोणपाट टाकतं. तीच पकड पहिल्या पावसात कमी होते, कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून राड होते. वळणावरच्या वाळूवरही तेच, आणि टायर गोटा झाले असतील तर विचारायलाच नको. म्हणून पावसात वेग कमी करायचा. हा काही भित्रेपणा नाही, हे गणित आहे.

हेल्मेटचंही असंच. क्रिकेटचा चेंडू झेलताना हात मागे घेतात, म्हणजे चेंडू थांबायला जरा जास्त वेळ मिळतो आणि हाताला कमी लागतं. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर स्वतः दबून डोक्याला तोच जास्तीचा वेळ मिळवून देतो. पण पट्टा लावला नाही तर हेल्मेट डोक्याआधीच उडून जातं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदाही चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणारीलासुद्धा, हेल्मेट घालायला सांगतो. त्यात शीख बांधवांच्या पगडीचा तेवढा अपवाद. मागच्या सीटला धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि साडी-ओढणी चाकात जाऊ नये म्हणून निम्मं चाक झाकणारी जाळी, हे तर १९८९ च्या नियमांतच आहे. आणि आपली पोरं नवी गाडी आली की ती जाळी आधी काढतात, का तर गाडी ‘भारी’ दिसत नाही!

‘सासू-सासऱ्यांसमोर दोन्हीकडे पाय टाकून कसं बसायचं?’ असं बायका विचारतात. अहो, नऊवारी नेसून आपल्या बायकांनी घोड्यावर मांड टाकलीय, तेव्हा कुठे लाज आडवी आली? पाचवारीत जमत नाही, हे मला मान्य. मग निदान दांडी धरा, पाय टेकवा, पदर खोचा आणि चालवणाऱ्याला ‘हळू’ म्हणायला लाजू नका.

माझं म्हणणं एवढंच, की गतीचे नियम नुसते परीक्षेपुरते शिकवू नयेत. पालकसभेत आपण मार्कांबद्दल भांडतो. एकदा सरांना, बाईंना हेही म्हणूया, की मुलांना शाळेच्या फाटकाशी न्या, तिथल्या गतिरोधकावर जडत्व दाखवा, ओल्या आणि कोरड्या फरशीवर घर्षण दाखवा. आणि ‘फिजिक्स मुलींना जड जातं’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. जी मुलगी आज वडिलांना ‘बाबा, टायर बदला’ असं कारणासकट सांगेल, तिला उद्या अकरावीला सायन्स घ्यायची भीती वाटणार नाही.

आज संध्याकाळी लेकीला जवळ बसवा आणि म्हणा, ‘जडत्व म्हणजे काय ते मला समजावून सांग.’ तिचा अभ्यास होईल आणि आपला जीव वाचेल.