पैनगंगेच्या दोन तीरांवरचे पेट्रोल

राज्याची सीमा ओलांडताच पेट्रोलचा दर बदलतो, हे गोमंतकीयांना नव्याने सांगावे लागत नाही. 2012 मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर 0.1 टक्क्यावर आणला, तेव्हा लिटरमागे सुमारे 11 रुपयांची घट झाली होती. शेजारी राज्यांच्या तुलनेत गोव्यातले पेट्रोल तेव्हा लक्षणीय स्वस्त होते. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात चित्र नेमके उलटे आहे. तेथील मराठी भाषकाला स्वस्त पेट्रोल पैनगंगेच्या पलीकडे, महाराष्ट्रात दिसते.

हा प्रदेश दोन राज्यांत विभागलेला असला तरी व्यवहाराने एकच आहे. किनवट आणि राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. नातीगोती, आठवडी बाजार आणि कापसाचा व्यापार आजही नदी ओलांडतो. कर मात्र ओलांडत नाही. तेलंगणात पेट्रोलवर 35.2 टक्के मूल्यवर्धित कर आहे, तर महाराष्ट्राने जुलै 2022 मध्ये पेट्रोलवरील करात लिटरमागे 5 रुपयांची कपात केली. परिणामी 2025 मध्ये हैदराबादेत पेट्रोल 107 रुपयांच्या पुढे, तर मुंबईत 103 रुपयांच्या आसपास होते. पेट्रोल वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने ही तफावत मिटण्याची चिन्हे नाहीत.

सीमेवरच्या ग्राहकाने म्हणून नदीपलीकडे जाऊन टाकी भरावी काय? लिटरमागे 4 रुपयांचा फरक धरला आणि जाऊन-येऊन 50 किलोमीटरचे अंतर मानले, तर 50 चे मायलेज देणारी दुचाकी त्या फेरीत एक लिटर जाळते. ते शंभरावर रुपये भरून निघण्यासाठी पंचवीसहून अधिक लिटर भरावे लागतील. दुचाकीची टाकी जेमतेम दहा लिटरची असते. मोटारीचा हिशोबही तोट्याचाच निघतो. ज्याला अन्य कामासाठी पाटणबोरी किंवा पांढरकवड्याला जायचेच आहे, त्यालाच ही बचत पदरात पडते.

दराच्या या चर्चेत खरा प्रश्न झाकला जातो. नदीच्या दोन्ही तीरांवर नळीतून येणारे इंधन आता सारखेच आहे. ते म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. फेब्रुवारी 2023 मध्ये त्याची विक्री सुरू झाली. मूळ 2030 चे उद्दिष्ट केंद्राने आधीच 2025-26 वर आणले होते, आणि 2025 मध्येच देशाने ती पातळी गाठली. परकीय चलनाची बचत, ऊस व मका उत्पादकांना बाजारपेठ आणि कमी प्रदूषण हे या धोरणामागचे हेतू रास्तच आहेत. मात्र एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानेच मान्य केले होते, की जुन्या रचनेच्या चारचाकींची इंधनक्षमता 6 ते 7 टक्क्यांनी आणि दुचाकींची 3 ते 4 टक्क्यांनी घटू शकते. म्हणजे सीमेपलीकडे वाचणारे 4 रुपये जुन्या मोटारीच्या मालकाने मायलेजमध्ये आधीच गमावलेले असतात.

इथेनॉल स्वस्त पडेल, हा सुरुवातीचा अंदाजही टिकला नाही. त्याची सरासरी खरेदी किंमत शुद्ध पेट्रोलच्या खर्चाहून अधिक झाल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये स्पष्ट केले. आदिलाबादसारख्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्याला तर या धोरणाचा थेट लाभही थोडाच. उलट धान्यापासून इथेनॉल बनवताना उरणारा चोथा पशुखाद्याच्या बाजारात सोयापेंडीशी स्पर्धा करतो, अशी सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची तक्रार आहे. पूर्वी याच जिल्ह्याचा भाग असलेल्या निर्मलमधील दिलावरपूर येथे नोव्हेंबर 2024 मध्ये ग्रामस्थांनी इथेनॉल कारखान्याविरुद्ध महामार्ग रोखला आणि सरकारला काम थांबवावे लागले.

ग्राहकाच्या हाती मग उरते काय? पंपावर साधे आणि ‘प्रीमियम’ असे दोन पर्याय दिसतात. त्यांतला मुख्य फरक ऑक्टेनचा, म्हणजे इंधन अवेळी न पेटण्याच्या क्षमतेचा. वाहनाच्या माहितीपुस्तिकेत 91 ऑक्टेन पुरेसे म्हटले असेल, तर अधिक ऑक्टेनने शक्ती वा मायलेज वाढत नाही; उच्च दाबाच्या इंजिनालाच त्याचा उपयोग होतो. इथेनॉलविरहित म्हणून ओळखले जाणारे 100 ऑक्टेनचे पेट्रोल मोजक्या शहरांत आणि दीडशे रुपयांहून अधिक दराने मिळते. आदिलाबादच्या शेतकऱ्याच्या जुन्या दुचाकीसाठी तो पर्यायच नव्हे. एप्रिल 2023 पूर्वीच्या वाहनधारकाने निर्मात्याचे मिश्रणाविषयीचे मत पुस्तिकेत पाहावे, रबरी नळ्या व सील वेळोवेळी तपासून घ्यावेत. इथेनॉल पाणी शोषते. म्हणून पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करू नये. कोकण-गोव्याच्या दमट हवेत तर हे अधिकच लक्षात ठेवावे.

इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय आणि मिश्रणाची स्पष्ट सूचना मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. कायद्याचा मार्ग त्यापुरता बंद झाला असला, तरी धोरणाचा मार्ग खुला आहे. जुन्या वाहनांसाठी कमी मिश्रणाचे पेट्रोल काही काळ उपलब्ध ठेवणे आणि प्रत्येक पावतीवर इथेनॉलचे प्रमाण छापणे यांस फार मोठा खर्च येणार नाही. धोरण राष्ट्रहिताचे असेल, तर त्याची किंमत कोण मोजतो आहे, हे ग्राहकाला सांगण्यात सरकारला संकोच वाटण्याचे कारण नाही. योग्य पेट्रोल निवडा, हा सल्ला निवडीला वाव असेल तेथेच अर्थपूर्ण ठरतो.