विस्तारकार्याची कदर

अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही विद्यापीठाची तीन कर्तव्ये होत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्ये आपल्या धोरणात नमूद केले. त्यास आता अर्धशतक होत आले. पहिल्या दोन कर्तव्यांसाठी पदे आहेत, वेतनश्रेण्या आहेत, बढतीचे नियम आहेत. तिसऱ्यासाठी काय आहे? वर्षातून एक समारंभ, एक शाल, एक श्रीफळ आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात एक छायाचित्र. ते छायाचित्र आम्हीही छापतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

लोकांमध्ये जाऊन काम करणाऱ्या विद्यापीठीय सेवकांचा गौरव होऊ नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आमची तक्रार आहे ती गौरवावरच सारे आटोपते याविषयी. राष्ट्रीय सेवा योजनेचेच पाहा. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. तिचा सारा भार असतो तो कार्यक्रम अधिकाऱ्यावर, म्हणजे नित्याचे तास घेऊन हे काम सांभाळणाऱ्या अध्यापकावर. शंभर विद्यार्थ्यांचे पथक, प्रत्येकाचे वर्षाकाठी १२० तासांचे काम आणि खेड्यातील सात दिवसांचे शिबिर हे सारे त्याने पार पाडावयाचे. त्यांतील निवडक अधिकाऱ्यांस राष्ट्रीय पुरस्कारही मिळतो. परंतु बाकीच्या हजारोंचे काय?

त्यांचे काय, ते आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दिसते. मान्यताप्राप्त नियतकालिकातील एका शोधनिबंधास विज्ञान शाखेत ८ आणि मानव्यशाखांत १० गुण आहेत. विस्तारकार्य मात्र परीक्षेचे काम, प्रशासकीय जबाबदाऱ्या इत्यादींच्या रांगेत एक कलम म्हणून उभे आहे. तेथे उपक्रमांची संख्या मोजली जाते, त्यांचा कस नव्हे. दहा वर्षे एकाच वस्तीत रात्रीचे वर्ग चालविणारा अध्यापक आणि एका सकाळी हातात झाडू घेऊन छायाचित्रापुरता उभा राहिलेला अध्यापक यांत या कोष्टकाला फारसा भेद करता येत नाही. मग तरुण अध्यापकाने रविवार कोठे घालवावा? व्यवहार जाणणारा मनुष्य शोधनिबंधच लिहील, आणि त्याला दोष देणे आम्हांस जमणार नाही.

असे काम कमी विद्वत्तेचे असते, हा समजही खोटा आहे. धनंजयराव गाडगीळ गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक असतानाच विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने लोणीच्या शेतकऱ्यांत गेले आणि प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्यामुळे त्यांचे अर्थशास्त्र उणे झाले असे कोणी म्हणत नाही. उलट सहकारावरील त्यांच्या विचारास जो भक्कमपणा आहे तो तेथूनच आला. जयंत नारळीकर ‘आयुका’त मुलांनी स्वाक्षरीसाठी वही पुढे केली, की त्यांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठविण्यास सांगत, उत्तर येई आणि त्याखाली सही असे. त्यांना १९९६ मध्ये युनेस्कोचे कलिंग पारितोषिक मिळाले. परंतु नारळीकरांची कीर्ती अशा कामावर अवलंबून नव्हती. तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयातील अध्यापकाला ही चैन परवडत नाही.

याहून बोधप्रद उदाहरण होशंगाबादचे आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील त्या जिल्ह्यात सोळा माध्यमिक शाळांतून विज्ञान प्रयोगाने शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. दिल्ली विद्यापीठाचे अध्यापक त्यात उतरले, आणि त्यांना तेथे काम करता यावे म्हणून अनुदान आयोगाने पाठ्यवृत्तींची सोय केली. म्हणजे त्यांना शाल दिली नाही, सवड दिली. खेड्यातील शाळेत जाणे हे विद्यापीठाच्या कामातून मारलेली दांडी नसून विद्यापीठाचेच काम आहे, असे त्यामागे गृहीत होते. राज्य शासनाने २००२ मध्ये तो उपक्रम बंद केला, हा निराळा आणि दुःखद विषय आहे. तीस वर्षे तो टिकला तो मात्र अशा सवडीवर.

येथे एक आठवण सांगण्याचा मोह होतो. आम्ही शाळेत शिकवीत होतो तेव्हा जवळच्या महाविद्यालयातील एक प्रयोगशाळा-सहायक दरवर्षी स्कूटरला खोके बांधून आमच्याकडे येत आणि निर्वात पंपाचे प्रयोग दाखवीत. काचेच्या हंडीतील घंटेचा आवाज हळूहळू बंद होताना पाहून नववीचा सर्वांत दंगेखोर वर्ग गप्प बसे. आमच्या व्याख्यानाने ते कधी साधले नव्हते. त्या दुपारपुरती त्यांची अर्ध्या दिवसाची रजा खर्ची पडे, हे आम्हांस फार उशिरा कळले. कोणत्याही पुरस्काराच्या अर्जात त्यांचे नाव बसले नसते, कारण ते अध्यापक नव्हते. ग्रंथपाल, लिपिक, उद्यानातील माळी यांचीही हीच गत आहे. आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकाला तर आपली नेमणूक पुढील वर्षी राहील की नाही, याचीच शाश्वती नसते.

आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये प्रसृत केलेल्या नियमांच्या मसुद्यात उल्लेखनीय कार्याची नऊ क्षेत्रे सांगितली, आणि त्यांत समाजसहभाग व सेवा यांस स्थान दिले. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. त्या मसुद्यातील इतर तरतुदींवरून, विशेषतः कुलगुरूंच्या निवडीवरून, जो वाद पेटला त्यात या कलमाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. आमच्या मते खरी अडचण पारखीची आहे. गुण देऊ लागलो की गुणांसाठी कामे होऊ लागतील, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. शोधनिबंधांचे तसेच झाले. म्हणून पारख कागदांच्या गठ्ठ्यावरून न करता, ज्यांच्यासाठी काम झाले त्यांना जाऊन विचारून करावी. त्या वस्तीतील दोन आया, गावची मुख्याध्यापिका, बचतगटाची अध्यक्षा यांचा शब्द निवडसमितीपुढे यावा. काम तीन वर्षांहून अधिक टिकले आहे काय, एवढा एकच प्रश्न विचारला तरी छायाचित्रांपुरते उपक्रम गळून पडतील.

आमच्या विद्यापीठांना यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. पुणे विद्यापीठाचे बहिःशाल शिक्षण मंडळ गावोगाव व्याख्याने नेत आले आहे, आणि त्याच्या व्याख्यानमालेस पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांचे नाव आहे; परंपरा घरचीच आहे. अशा कामाचे तास कार्यभारात धरावेत, प्रवासखर्च वेळेवर द्यावा, अध्यापकेतर सेवकांस ती कर्तव्यावरील हजेरी समजावी. यंदाच्या पुरस्कारांची घोषणा करताना कुलगुरूंनी निदान एवढे परिपत्रक त्याच दिवशी काढावे.